ती बलालायका नव्हे, बांडुरा आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत युक्रेनमधल्या नव्या संगीतावर आलेला लेख वाचला, आणि त्यावर पुढच्या आठवड्यात छापलेलं एका वाचकाचं पत्रही. लेखातल्या छायाचित्राखाली ‘बलालायका वाजवणारी युवती’ असं लिहिलं होतं. त्या मुलीच्या मांडीवर होती ती बांडुरा. बलालायका रशियातली, तिकोनी पोटाची, तीन तारांची. बांडुरा युक्रेनची, एका बाजूला फुगलेली, मांडीवर उभी धरून दोन्ही हातांनी छेडायची. ज्या देशावर आज दुसरा देश चालून आला आहे, त्याचं वाद्य आपण त्या दुसऱ्या देशाच्या नावावर छापलं. चूक नकळत झाली असणार, पण ती दुरुस्त व्हावी अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता त्या वाचकाच्या पत्राकडे वळते. लोकवाद्यांना यंत्राच्या ठेक्याला जुंपणं म्हणजे शुद्ध भेसळ, अशी पोरं आपल्या आजोबांची लाज वाटते म्हणून असं करतात, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांचा राग मला कळतो. त्यातला अर्धा माझाही आहे. पण निष्कर्ष पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला थोडी जागा लागेल.

मी 2012 ते 2018 अशी सहा वर्षं पश्चिम युक्रेनमधल्या इव्हानो-फ्रांकिव्स्क शहरात वैद्यकीय शिक्षणासाठी होते. पहिलं वर्ष वसतिगृहात काढलं, पुढची पाच एका आजींच्या घरी भाड्याच्या खोलीत. त्यांना सगळे ‘बाबुस्या’ म्हणत, मीही म्हणू लागले. कॉलेजात शिकवणं इंग्रजीतून चाले. युक्रेनियन भाषा मी शिकले ती बाबुस्यांच्या स्वयंपाकघरात, वारेनिकीच्या, म्हणजे तिकडच्या उकडलेल्या करंज्यांच्या, कडा दाबता दाबता. त्या काम करताना गात आणि मी शब्दांचे अर्थ विचारत राही.

2015 च्या शरद ऋतूत मी मिनीबसने कार्पेथियन डोंगरातल्या वेर्खोविनाला गेले. हुत्सुल म्हणजे त्या डोंगरात राहणारे लोक. रोमान कुमलिक या वादकाने आयुष्यभर जमवलेल्या हुत्सुल वाद्यांचं संग्रहालय तिथे आहे. कुमलिक आदल्याच वर्षी वारले होते. पण त्या गावात वाद्यं काचेआड गप्प बसत नाहीत. एका घराच्या अंगणात मला त्रेम्बिता हातात धरायला मिळाली. तीन मीटर लांबीचा सरळसोट लाकडी कर्णा. वीज पडून उभ्या उभ्या वाळलेला स्प्रूस त्यासाठी सगळ्यात चांगला, असं तिथे मानतात. खोड उभं चिरायचं, दोन्ही फाळ्या आतून कोरायच्या, परत जोडायच्या आणि वरून बर्चची साल गुंडाळायची. भोकं नाहीत की कळा नाहीत. मेंढपाळ डोंगरावरून एकमेकांना हाक घालतात ती याच कर्ण्यातून, आणि गावात कुणी गेलं तर तीही बातमी हाच देतो.

मी फुंकलं तर नुसती हवा गेली. ज्यांची त्रेम्बिता होती ते वुइको (तिकडे वयस्क पुरुषाला आपण काका म्हणावं तसं वुइको म्हणतात) हसून म्हणाले, फुंकू नकोस, ओठ फुरफुरव, घोड्यासारखे. तेव्हा कुठे एक सूर निघाला. मग त्यांनी स्वतः वाजवली. एकेक पायरी चढत ते वर गेले, आणि जिथे मध्यम यायचा तिथे माझा कान अडखळला. लहानपणी पाच वर्षं गाणं शिकल्यामुळे सूर ओळखायची खोड आहे. तो शुद्ध मध्यम नव्हता, तीव्रही नव्हता, दोहोंच्या साधारण मधोमध होता. मला वाटलं चुकले असतील. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा तोच. तिसऱ्यांदाही तोच.

नंतर वाचून समजलं की ते चुकले नव्हते. भोकं नसलेल्या नळीतून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे तिचे स्वयंभू सूरच निघतात. त्यातला अकरावा तिथेच पडतो, दोन मध्यमांच्या मध्ये. सातवा पडतो तो कोमल निषादाच्या जागी, पण हार्मोनियमच्या निषादाहून चांगलाच उतरलेला. तेलेन्का नावाची बिनभोकांची बासरीही याच कुळातली. तिचं खालचं तोंड बोटाने झाकत-उघडत वाजवतात. तो मधला मध्यम लाकडाच्या पोटातून येतो आणि हुत्सुल माणसाच्या कानाला तोच बरोबर वाटतो.

हे इतक्या तपशिलाने लिहिते आहे, कारण माझ्या मते सगळं भांडण इथेच आहे.

2017 च्या जानेवारीतली गोष्ट. माझी एक मैत्रीण तिथल्या संगीत विद्यालयात बांडुरा शिकत होती. एका निर्मात्याने तिला ध्वनिमुद्रणाला बोलावलं, मी सोबतीला गेले. स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. बाहेर पारा शून्याखाली दहा-बारा अंश, आत हीटर. तिच्या बांडुरेला साठाच्या वर तारा. थंडीतून उबेत आल्याबरोबर एकूण एक तार उतरली. ती चावी घेऊन बसली आणि एकेक खुंटी पिळत तासाभराने मान वर केली. मग वाजवू लागली. बांडुरेत पियानोसारखी तार दाबून धरणारी यंत्रणा नसते. छेडलेली तार तळवा ठेवेपर्यंत घुमत राहते, शेजारच्या न छेडलेल्या ताराही तिच्यासोबत थरथरतात. आपण ज्याला सुराची आस म्हणतो, ती इथे एका सुराची नसते, सगळ्या वाद्याची असते. दोन मिनिटं ती वाजवत होती आणि मधे कुठे लय किंचित ओढून धरत होती, कुठे सोडत होती. त्या तळघरात मी डोळे मिटून उभी होते.

दीड महिन्याने गाणं तयार झालं. निर्मात्याने त्या दोन मिनिटांतली चार सेकंदं उचलली होती. घुमारा नको म्हणून प्रत्येक सुराची शेपटी छाटली होती. मागेपुढे झालेले आघात घड्याळावर आणून बसवले होते, तारांचे सूर सॉफ्टवेअरने सरळ केले होते आणि ती चार सेकंदं अख्ख्या गाण्यात फिरत ठेवली होती. श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं, ‘एथ्निक सॅम्पल’ एवढंच होतं. तिने हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं आणि काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, “हे कोण वाजवतंय?”

पत्रलेखक महोदयांना भेसळ म्हणायची असेल तर ती ही. यावर माझं त्यांच्याशी काडीचंही दुमत नाही. मात्र त्या रात्री मैत्रीण पुढे जे म्हणाली तेही सांगायला हवं: “त्याने बीट लावली याचं मला काही नाही गं. बीट मला आवडते. त्याने मला ऐकलंच नाही.”

यंत्र आणि परंपरा यांचं वैर आहे असं मानणाऱ्यांनी 1908 सालाकडे पाहावं. कोब्झार म्हणजे बांडुरा किंवा कोब्झा (तिच्यासारखंच तारांचं वाद्य) घेऊन गावोगाव हिंडणारे, बहुतेक अंध, गायक. दूमा नावाची लांबलचक वीरगाथा ते गात. ती कुठे लिहिलेली नव्हती, गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जायची. ही माणसं म्हातारी होत चालली होती. तेव्हा ल्विव्हचे संगीतज्ञ फिलारेत कोलेस्सा त्या काळातलं सगळ्यात आधुनिक यंत्र, फोनोग्राफ, घेऊन पोल्तावा प्रांतातल्या मिरहोरोदला गेले आणि मेणाच्या नळकांड्यांवर कोब्झारांचे आवाज उतरवून घेतले. खर्चाची सोय केली होती कवयित्री लेस्या उक्राइंका यांनी. त्या स्वतः क्षयाने आजारी होत्या. एका नळकांडीवर दोन-तीन मिनिटांचंच गाणं मावे, म्हणजे दूमा तोडून तोडून घ्यावी लागे. तरीही त्यातले आवाज आज ऐकता येतात आणि कोलेस्सांनी त्यावरून केलेलं स्वरलेखन छापलेलं आहे. ते यंत्र त्या दिवशी मिरहोरोदला पोचलं नसतं, तर आज ‘शुद्ध परंपरा’ म्हणून आपण नेमकं काय जपणार होतो? पुढे 1930 च्या दशकात सोव्हिएत राजवटीत कोब्झारांचा छळ झाला, कित्येक संपवले गेले. मेण मात्र उरलं.

बांडुरा स्वतः तरी कुठे एका जागी थांबली आहे? एकोणिसाव्या शतकातल्या कोब्झारांच्या बांडुरेला वीसच्या आसपास तारा असत. माझ्या मैत्रिणीच्या मांडीवरचं साठ-पासष्ट तारांचं वाद्य विसाव्या शतकातल्या कारागिरांनी घडवलेलं आहे. ज्या ह्नात खोत्केविच यांनी 1902 मध्ये खार्किव्हच्या पुरातत्त्व परिषदेत खेड्यातल्या अंध कोब्झारांना विद्वानांसमोर मानाने बसवलं आणि पुढे बांडुरेचं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते शिक्षणाने इंजिनिअर होते. 1938 मध्ये त्यांना गोळी घालण्यात आली. वाद्याची रचना कशी सुधारता येईल याचा विचार त्यांनी जन्मभर केला. त्यांना कुणी आजोबांची लाज वाटणारा म्हणणार नाही. आणि ज्यांनी लीरा ऐकली आहे, म्हणजे हाताने चाक फिरवून तारा घासत ठेवायचं ते लिर्निकांचं वाद्य, त्यांना विचारा. पायाशी एक अखंड सूर धरून त्यावर गाणं उभं करायची कल्पना सिंथेसायझरच्या कितीतरी आधीपासून त्या मातीत आहे. या कोब्झा-लीरा परंपरेच्या जतनाचं काम 2024 मध्ये युनेस्कोनेही आदर्श म्हणून नोंदवलं.

आता आजोबांचंच निघालं आहे तर एक आठवण सांगते. 13 मे 2017 च्या रात्री कीव्हमध्ये युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. बाबुस्या आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. स्पर्धेतली गाणी संपली, मतं मोजली जात होती, तेव्हा ओनुका नावाचा गट मंचावर आला. सोबत राष्ट्रीय लोकवाद्य वाद्यवृंद. एकीकडे इलेक्ट्रॉनिक ठेका, दुसरीकडे ओळीने बसलेले लोकवाद्यांचे वादक. बाबुस्यांनी विणकाम खाली ठेवलं. आता या चिडणार, असं मला वाटलं. गटाचं नाव काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ओनुका. युक्रेनियनमध्ये ओनुका म्हणजे नात. लगेच पुढचा प्रश्न आला, “कुणाची नात?” मला ठाऊक होतं, म्हणून सांगू शकले. गायिका नाता झिझ्चेन्को. तिचे आजोबा चेर्निहिव्हला लोकवाद्यं बनवत. ती लहानपणी सोपिल्का, म्हणजे तिकडची तोंडाशी शिट्टी असलेली बासरी, वाजवायला शिकली ती त्याच घरात, आणि गटाला नाव दिलं ते आजोबांसाठी. बाबुस्यांनी मान हलवली आणि टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.

त्या मंचावर ठेका वाद्यांच्या अंगावर धावून येत नव्हता. वाद्यांना दम घ्यायला जागा होती. तेवढा फरक ऐकायला संगीतज्ञ असावं लागत नाही, माझ्या शेजारी बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या बाईंना तो ऐकू आला.

त्याहून पुढचं उदाहरण 2021 चं. त्या वर्षी रॉटरडॅमच्या युरोव्हिजन स्पर्धेत गो-ए या गटाचं ‘शुम’ पाचवं आलं. वसंताला हाक घालायची जी जुनी गाणी आहेत, वेस्न्यांका, त्यांच्यावर ते बेतलेलं. काटेरीना पाव्हलेन्को छातीतून मोकळा, सरळ, न थरथरणारा आवाज लावते, खेड्यातल्या बायका शेतात लावतात तसा. पाठीशी सोपिल्का आहे आणि खाली पूर्ण इलेक्ट्रॉनिक ठेका. पण त्या ठेक्याकडे कान द्या, तो एका वेगाने चालत नाही. गाणं पुढे जातं तशी लय चढत जाते, विधीच्या फेरात पाय उचलत जावेत तशी, आणि शेवटी दम लागतो. नृत्यसंगीताचं यंत्र सहसा एका वेगाला खिळलेलं असतं. इथे त्याला फेराची चाल शिकवली आहे. माझ्या मैत्रिणीच्या निर्मात्याने बरोबर याच्या उलट केलं होतं.

या गटातले सोपिल्कावादक इहोर दिदेन्चुक पुढच्याच वर्षी कालुश ऑर्केस्ट्रामध्येही होते. कालुश हे इव्हानो-फ्रांकिव्स्कपासून जवळचंच गाव. ओलेह प्स्युक यांनी आईवर लिहिलेल्या ‘स्तेफानिया’त रॅप आहे, ठेका आहे आणि त्यावर तरंगणारी बासरीची साधी धून आहे. 14 मे 2022 ला तुरिनमध्ये त्या गाण्याने 631 गुण मिळवून स्पर्धा जिंकली. त्यातले 439 प्रेक्षकांच्या मतांचे होते, तोवर कुणालाच न मिळालेले. युद्ध चालू होतं म्हणून लोकांनी मतं दिली, असं पत्रलेखक म्हणतात. दिलीही असतील. पण ती धून पोरांच्या तोंडी बसली ती मतांमुळे नव्हे. (त्या स्पर्धेत नियमाप्रमाणे वाद्यं आधीच ध्वनिमुद्रित केलेली असतात, प्रत्यक्ष असतो तो फक्त गळा. मंचावर सोपिल्का ओठांना लावलेली दिसते तरी तिचा सूर आधीचा असतो. मला हे खुपतं.) नंतर त्यांनी विजयचिन्हाचा लिलाव केला, 9 लाख डॉलर आले आणि ते सैन्यासाठी ड्रोन घ्यायला गेले.

पत्रात इलेक्ट्रॉनिक संगीताला ‘नाइटक्लबातली धुंदी’ म्हटलं आहे. चेर्निहिव्ह भागात याहिद्ने नावाचं खेडं आहे. मार्च 2022 मध्ये रशियन सैनिकांनी तिथल्या तीनशेहून अधिक माणसांना शाळेच्या तळघरात जवळपास महिनाभर कोंडून ठेवलं होतं. त्याच उन्हाळ्यात तरुण मुलंमुली फावडी घेऊन त्या गावात गेली आणि उद्ध्वस्त झालेल्या इमारतीचा राडारोडा उपसू लागली. शेजारी डीजे वाजवत होता, आणि त्या ठेक्यावर विटांच्या बादल्या भरल्या जात होत्या. ही धुंदी असेल तर असो बापडी.

माझी मागणी यंत्र बंद करा अशी नाही, यंत्र लावणाऱ्याने आधी ऐकावं अशी आहे. अकरावा सूर आहे तिथेच राहू दे. ठेका बांडुरेच्या पावलाने चालू दे. आणि जिच्या बोटांतून ते आलं तिचं पूर्ण नाव छापा, कोपऱ्यात बारीक अक्षरांत का होईना. खेड्यातल्या म्हाताऱ्यांची गाणी उचलणाऱ्यांनी त्या म्हाताऱ्यांची नावं आणि गावाचं नावही छापावं. कोलेस्सांनी शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक कोब्झाराचं नाव लिहून ठेवलं होतं, आज तर ते कितीतरी सोपं आहे.

आपल्या पुरवणीकडूनही हीच अपेक्षा आहे. या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा वाद्याचं बरोबर नाव आणि वाजवणाऱ्याचं नाव, एवढं तरी असू द्या.

बाबुस्या आता नाहीत. मैत्रीण अजून तिथेच आहे, मुलांना बांडुरा शिकवते. 2022 च्या ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडू लागली आणि शहर तासन्‌तास अंधारात राहू लागलं. तिच्या इमारतीखाली एक जनरेटर आणून ठेवला आहे. एक दिवस तिने मला ध्वनिमुद्रण पाठवलं. तिचा भाऊ लॅपटॉपवर ठेके बनवतो, त्याच्यासोबत केलेलं. बांडुरा अख्खी होती, घुमाऱ्यासकट, आणि खाली एक जाडसर, सतत घरघरणारा खर्ज. मी विचारलं, हा कुठला सिंथेसायझर? ती म्हणाली, जनरेटर आहे. किती प्रयत्न केले तरी माइकमध्ये येतच होता, म्हणून त्याच्याच सुराला लावून घेतलं. जनरेटर पन्नास हर्ट्झवर घुमतो, बांडुरेची पट्टी जी मेजर, म्हणजे जी हा तिचा षड्ज, आणि खालचा जी सूर एकोणपन्नास हर्ट्झचा. म्हणजे सगळी बांडुरा चिमूटभर चढवावी लागली. साठाच्या वर तारा, मेणबत्तीच्या उजेडात, एकेक करून. खाली कुणी हीटर लावला की भार वाढून जनरेटरचा सूर उतरायचा, मग तो सावरेपर्यंत ती थांबायची. त्या थांबण्याच्या जागा भावाने कापलेल्या नाहीत. तिथे त्याचा ठेकाही थांबतो.

आपली,
एक डॉक्टर आणि नियमित वाचक